खर्रा सोडला, मंजन राहिलं

माझं तोंड आता दोन बोटं उघडतं. तिसरं बोट जात नाही. जांभई आली तर ती अर्ध्यावरच अडते. भाकर वरणात भिजवून, चुरून खावी लागते, अन् मिरचीचा ठेचा मी आता फक्त दुसऱ्याच्या ताटात पाहतो.

हे रडगाणं म्हणून लिहून राहिलो नाही. रडणं मला जमत नाही. ज्याच्या खिशात आत्ता तंबाखूच्या खर्र्याची पुडी आहे आणि जो म्हणतो की मनात आणलं तर उद्या सोडतो, त्याच्यासाठी लिहितो. मीही तेच म्हणत होतो. म्हटलं तसा सोडलाही. तरी चूक झाली. ती चूक आमच्या भागात घरोघरी चालू आहे, म्हणून हा खटाटोप.

शाळा चौथीपर्यंतची. लिहिलं मी, ऱ्हस्व-दीर्घ सुनेनं पाहिलं. ती म्हणत होती, "मामाजी, हे वाक्य जरा सरळ करू काय?" मी म्हटलं, वाक्य माझं आहे, वाकडं असलं तरी राहू दे.

जिनातली सवय

मी हिंगणघाटच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, कामाला होतो. आधी रेच्यावर कापूस टाकायचं काम, पुढं फिटर झालो. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी मशीन. तिची सुरी बसवायची, चामड्याचा रोलर घासून बरोबर करायचा, पट्टे ओढायचे. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत रेचे थांबत नसत, अन् मीही थांबत नसे.

जिनात विडी चालत नाही. एक ठिणगी पडली तर सगळा कापूस भडकतो. फाटकावर चौकीदार खिसे चाचपून काडीपेटी काढून घ्यायचा. म्हणून आमच्यात ओढणारे कमी अन् खाणारे सगळे. दुसरं म्हणजे रुईचा फुफाटा. नाकात, डोळ्यात, घशात. जुने लोक सांगायचे, तोंडात तंबाखू ठेव, रुई घशात जात नाही. म्हणजे माझ्या हातावर तंबाखू पडला तो औषध म्हणून. मुकादमानं स्वतः मळून चिमूटभर दिला होता. डोकं गरगरलं. कापसाच्या गठाणींच्या मागं जाऊन ओकलो. मुकादम हसत म्हणाला, "नवी नवरी बी पयल्या दिवशी रडते रे. मंग सासरचीच होते. उद्या येजो."

दुसऱ्या दिवशी गेलो. कमी गरगरलं. तिसऱ्या दिवशी काहीच झालं नाही, अन् मला त्याची मोठी ऐट वाटली.

पुढं खर्रा आला. सुपारी, तंबाखू अन् चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन पानठेलेवाला फळीवर घोटतो, तो खर्रा. आमच्याकडे रामराम झाला की पुडीच पुढं येते. सोयरीक पाहायला गेलं तर चहाच्या आधी पुडी. नाही म्हटलं तर समोरचा लगेच विचारतो, "काऊन, आमचा चालत नाई काय तुमाले?"

तो वाढला कसा, हे आता मागं पाहिलं की दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं. आधी कामात खायचो. मग काम सुरू करायच्या आधी, कारण त्याशिवाय हात चालत नसे. मग जेवल्यावर. मग संडासला जायच्या आधी, कारण त्याशिवाय पोट हलत नसे. शेवटी डोळे उघडायच्या आधी हात उशीखाली. सुरुवातीला मजा म्हणून खाल्ला, नंतर बरं वाटावं म्हणून, अन् शेवटी वाईट वाटू नये म्हणून. या शेवटच्या पायरीवर मजा कधीच संपलेली असते. माणूस नुसता भाडं भरत राहतो.

तीन बोटं

जिन सुटलं, अल्लीपूरला घरी येऊन बसलो. काही दिवसांनी तिखट झोंबायला लागलं. वैशाली, म्हणजे माझी सून, भाजी फिकी करू लागली तरी झोंबे. मी मिरचीला शिव्या द्यायचो. एक दिवस पोळीचा घास ओठाशी अडला. तिनं पाहिलं.

"मामाजी, तुमचं तोंड पुरं उघडून नाई राह्यलं."

"पुरं उघडलं तं तुलेच ऐकाव लागन," मी म्हटलं.

ती हसली नाही. संध्याकाळी तिनं माझ्या मुलाला, प्रमोदला सांगितलं अन् त्यानं दुसऱ्या दिवशी मला एसटीत बसवलं.

वर्ध्याजवळचा मोठा दवाखाना. चिठ्ठीची रांग, मग दातांच्या विभागाची रांग. बाकावर माझ्यासारखेच बसलेले. कोणी गालाला रुमाल लावलेला, कोणाचा गालच नव्हता. त्याच्याकडं मी एकदा पाहिलं अन् मग भिंतीकडं पाहत बसलो.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या सुनेहून लहान. म्हणाली, "बाबाजी, तुमची तीन बोटं उभी धरा आणि तोंडात घाला." मला वाटलं थट्टा करते. दोन गेली. तिसरं दातावर अडलं. मी जोर लावला. गालात आतून काहीतरी दोरीसारखं ताणलं.

"बस, बस. जोर लावू नका."

मग तिनं आरसा धरला. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, दुधावरची साय चिकटल्यासारखा. म्हणाली, थोडा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. प्रमोदनं विचारलं, "कॅन्सर हाय काय?" आमच्या घरात तो शब्द कोणी काढत नाही, म्हणतात "तो मोठा आजार". मी त्याच्याकडं डोळे वटारले.

बाई म्हणाली, "आत्ता सांगता येत नाही. एवढं सांगते, तंबाखू पूर्ण सुटला तर हा चट्टा इथं थांबू शकतो. चालू राहिला तर तो थांबणार नाही. तोंड जेवढं आवळलं ते बहुतेक तेवढंच राहील. पण चट्ट्याचं तुमच्या हातात आहे."

सुई टोचून गाल बधिर केला, तुकडा काढला, टाका घातला. दुखलं नाही. पण ती कात्री चालल्याचा आवाज डोक्यात आला, अन् तो मी विसरलो नाही.

बिमारी कायची

तिथून तंबाखू सोडवायच्या खोलीत पाठवलं. टेबलामागं एक मधल्या वयाच्या ताई होत्या. समुपदेशक म्हणतात त्यांना. बोलणं मऊ, पण प्रश्न खिळ्यासारखे. उठल्यावर किती वेळानं पहिला खर्रा खाता? ताप आला तरी खाता का? नाही मिळाला तर काय होतं?

मी म्हटलं, "काई होत नाई. डोकं थोडं सरकते, बाकी काई नाई."

प्रमोद म्हणाला, "मायच्या अंगावर ताट फेकते."

"तू गप राय."

ताई म्हणाल्या, "बाबाजी, हा आजारच आहे. तंबाखूतलं निकोटीन मेंदूत जातं. मेंदूला त्याची आदत लागते. मग ते नसलं की मेंदू त्रास देतो, आणि तो त्रास थांबवायला माणूस पुन्हा खातो. त्यावर औषध आहे. च्युइंगम आहे, दंडाला लावायची पट्टी आहे."

मला राग आला. चट्टा आजार, ते ठीक. पण खर्रा मी खातो, माझ्या मर्जीनं खातो, तो आजार कसा?

"बिमारी कायची, ताई? आदत हाय. मनात आनलं तं उद्या सोडतो."

"मग औषधाच्या मदतीनं सोडा ना."

"दवाई घेऊन सोडलं तं मंग सोडलं कोनं? दवाईनं. म्या काय केलं?"

ताईंनी पट्ट्यांचं पाकीट पुढं सरकवलं होतं. मी ते तसंच परत सरकवलं. उठताना त्या म्हणाल्या, "बरं. पण तोंड स्वच्छ ठेवा, टाका आहे." हे मात्र मी ऐकलं. ऐकायला नको होतं तेच ऐकलं म्हणा.

सोडला

सोडला. दुसऱ्याच दिवशी. पुड्या चुलीत टाकल्या. वैशाली पाहत होती, म्हणून जरा जोरानं टाकल्या.

पहिला आठवडा कसा गेला ते लिहायचा कंटाळा येतो. अंगात खाज. कोणाचंही बोलणं कानाला खरखरीत लागे. रेडिओ आपटला. पोट साफ नाही. झोप येई, लागत नसे. हात सारखा खिशाकडं जाई, रिकामा परत येई. प्रमोदला नको ते बोललो, तोही बोलला. बुढी, म्हणजे माझी बायको देवका, मधे पडायची अन् दोघांचं ऐकायची.

पण मी खाल्ला नाही. पानठेल्यावर मुद्दाम जाऊन बसायचो, न खाता. जिनातला माझा जुना जोडीदार बळीराम तिथं रोज असायचा.

"काय बुवा, माळ-बिळ घातली काय?"

"काई घातलं नाई. मन हाय, बस."

"अन् मन सरकलं तं?"

"ज्याचं सरकते त्याचं सरकते."

लोक ऐकत, अन् मला बरं वाटे. तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही, पण पेशी बिघडायला लागल्या आहेत, जपा, पुन्हा दाखवायला या. प्रमोदनं गावातल्या हॉटेलातून जिलबी आणली. मी पानठेल्यावर सांगितलं, बिनदवाईनं सोडला, नुसत्या मनानं. दोघा-तिघा पोरांना धरून उपदेशही केला.

आता ती चूक सांगतो.

आमच्या घरी दात घासायला नस असते. काळं मंजन म्हणतो आम्ही. आठवडी बाजारात सुटं मिळतं, डबीत भरून ठेवतो. ती आहे जळक्या तंबाखूची बारीक पूड. माझी आई तेच घासायची, तिची आईही. पोराचा दात दुखला तर त्याच्याही हिरडीला लावतात. पण आमच्यात तिला कोणी तंबाखू म्हणत नाही. तंबाखू म्हणजे जो खातात तो. हे तर घासायचं, चूळ भरायची, थुंकायचं. साबणानं हात धुतले म्हणून कोणी साबण खाल्ला म्हणतं काय?

खर्रा सोडल्यापासून मी मंजन जास्त घासू लागलो. ताईंनीच सांगितलेलं, तोंड स्वच्छ ठेवा. सकाळी घासायचो. जेवलो की घासायचो. दुपारी तोंड बेचव झालं की बोटावर घेऊन हिरडीवर फिरवत बसायचो. संध्याकाळी पुन्हा. घासलं की डोकं शांत होई. मला वाटायचं, बघा, मन कसं ताब्यात आलं.

खोटारडा

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा छाती काढून गेलो. डॉक्टरीणबाईनं बॅटरी मारली, पाहिलं, पुन्हा पाहिलं. तोंड तेवढंच. पण चट्टा पसरला होता, कडेला लाल झाला होता.

"बाबाजी, खर्रा चालू आहे ना?"

"नाई."

"थोडा थोडा? सणावाराला?"

"नाई म्हंतो न मी."

तिनं मान खाली घातली. कागदावर काहीतरी लिहिलं. ते लिहिणं मला चापटीसारखं लागलं. ताईंच्या खोलीत न जाताच मी बसस्टँडकडं निघालो. एसटीत प्रमोद खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "बाबा, खरं सांगा. मी कोनाले सांगत नाई."

साऱ्या आयुष्यात मला मूर्ख म्हणणारे भेटले, हेकट म्हणणारे तर घरातच आहेत. खोटारडा कोणी म्हटलं नव्हतं. पुढचे दिवस प्रमोद माझा सदरा धुवायला टाकताना खिसे पाहायचा. पानठेलेवाल्याला विचारून आला. बळीरामलाही विचारलं. बळीराम मला म्हणाला, "तुयं पोरगं चौकशी करून राह्यलं बे. काऊन, चोरी केली काय कुटं?"

एका दुपारी मी पानठेल्यावर गेलो अन् म्हटलं, घोट एक. नाहीतरी कोणी मानतच नाही, मग खाऊन तरी घ्यावा. तो घोटायला लागला. पन्नीचा करकर आवाज. वास आला. तेवढ्यात चट्टा डोळ्यापुढं आला. मी खाल्ला नाही अन् तरी तो वाढतो आहे. मग खाल्ला तर काय होईल? पुडी न घेता परत आलो. मागून पानठेलेवाला ओरडला, "अरे बाबाजी, घोटला न!" मी हात हलवला.

घरी आल्यावर देवकाला म्हटलं, मी नाही जात पुन्हा त्या दवाखान्यात. तीच चिडली. एरवी चिडत नाही.

"जाव लागन. मी येतो संग. मी सांगतो तिले, का यायनं खाल्ला नाई. माह्यावर तं इस्वास ठेवन का नाई?"

डबी

ताईंच्या खोलीत देवका माझ्या आधी बोलली. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते म्हणाली, खर्रा घरात आला नाही.

ताई म्हणाल्या, "आजी, माझा विश्वास आहे. पण चट्टा का वाढला ते शोधायला पाहिजे. तुम्ही मला असं सांगा, बाबाजी उठल्यापासून झोपेपर्यंत त्यांच्या तोंडात काय काय जातं? पाणीसुद्धा सांगा."

देवका बोटांवर मोजत सांगू लागली. "उठले का मंजन. मंग च्या. मंग पोयी, दुधात भिजून. मंग मंजन. मंग वरन-भात. मंग मंजन…"

"थांबा. मंजन किती वेळा?"

"तोंड साफ ठेवा लागते न, तुमीच तं सांगतलं."

"कोणतं मंजन?"

देवकानं कमरेला खोचलेली पिशवी काढली. तिच्यातून डबी काढली अन् टेबलावर ठेवली. ताईंनी झाकण उघडलं. वास घेतला.

"बाबाजी, ही नस आहे. हा तंबाखूच आहे."

"खाचा तंबाखू नोय थो," मी म्हटलं.

"हिरडीतून रक्तात जातो. खर्र्यातून जातो तसाच. तुमच्या मेंदूला खर्रा मिळाला नाही, पण निकोटीन मिळत राहिलं. आणि चट्ट्यावर तुम्ही दिवसभर तंबाखू चोळत राहिलात."

पंखा फिरत होता. मी डबीकडं पाहत होतो. एवढी माझी झुंज, रेडिओ आपटला, पोराशी भांडलो, पानठेल्यावर भाषणं केली, अन् सारा वेळ हे बोटावर घेऊन चोळत होतो. राग कोणावर काढावा तेच कळेना.

जिनातलं आठवलं. रोलर वर्षानुवर्षं एका सुरीवर घासला की त्या सुरीच्या घाटाचा होतो. सुरी काढून टाकली म्हणून रोलर सपाट होत नाही. त्याला वेगळं घासून सरळ करावं लागतं, अन् त्याला हत्यार लागतं. नुसत्या हातानं होत नाही. हत्यार वापरलं म्हणून मला कधी कमीपणा वाटला नाही. मग इथंच काऊन वाटत होता?

ताई म्हणाल्या, "आणि आजी, ही डबी तुमच्या कमरेला कशी?"

देवका पदराशी चाळा करत हसली. "माहं बी मंजनच हाय न ते."

पट्टी अन् च्युइंगम

डॉक्टरीणबाईनं देवकाचं तोंड पाहिलं. तीन बोटं आरामात गेली. पण खालच्या ओठाच्या आत, जिथं ती नस दाबून ठेवते, तिथं कातडी पांढरी अन् सुरकुतलेली. हे अजून साधं आहे, सोडलं तर जाईल, असं बाई म्हणाली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमच्यावर मी विश्वास ठेवला नाही, बाबाजी. माफ करा." मी मान हलवली. एवढं सगळं झाल्यावर तो राग धरायलाही ताकद नव्हती.

यावेळी पाकीट परत सरकवलं नाही.

च्युइंगमपायी माझं हसं झालं. मी ते खर्र्यासारखं एका दमात चावून रस गिळला. उचक्या लागल्या, घसा जळला, मळमळलं. ताईंनी फोनवर समजावलं, हळू चावा, झिणझिण्या आल्या की गालाच्या कोपऱ्यात ठेवा, विसरून जा, मग पुन्हा चावा. चहावर लगेच नको. माझ्या आवळलेल्या जबड्याला तेही जड जाई, म्हणून पुढं दंडाची पट्टीच ठरली. सकाळी लावायची, दुसऱ्या दिवशी जागा बदलायची. काही आठवड्यांनी हलकी पट्टी, मग बंद. एवढंच. त्यात मोठं काही नाही. तलफ जात नाही, पण ओरडत येत नाही, कुरकुरत येते. माणूस तेवढी सहन करू शकतो.

तोंडाचा व्यायाम म्हणून दातांमधे लाकडाच्या पट्ट्या एकावर एक घालायच्या. नातवंडं आईस्क्रीमच्या काड्या जमवून आणून देतात. आईस्क्रीम खायला त्यांना कारण मिळालं.

देवकाचं मात्र जड गेलं. तिला चिडचिड होत नाही, तिचं डोकं दुखतं. डोक्याला फडकं बांधून ती स्वयंपाकघराच्या दारात बसायची. वैशाली म्हणे, "आत्याबाई, पडा थोडं." ही म्हणे, "मले काय झालं?" एक दिवस मी गोठ्याकडं गेलो तर ही पाठ करून उभी अन् बोट ओठाच्या आत.

मी ओरडलो. प्रमोदनंही मला जे तोंडावर म्हटलं नव्हतं ते बोललो. खोटारडी म्हटलं.

तिनं बोट पदराला पुसलं. आवाज चढवला नाही.

"तुमी खर्रा सोडला तवा गावानं वाहवा केली. जिलबी आली घरात. आता पट्टी हाय, दवाखाना हाय, पोरगं संग येते. मले कोनं इचारलं? माह्या मायनं दात दुखला म्हनून लावली थे लागली. कोनाले दिसलं नाई. आता सोडाची बी कोनाले दिसू नये तशी सोडू काय? माह्या हातानं होत नाई, अवो. तुमच्यानं बी झालं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं गेलो. चिठ्ठीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "पेशंट कोण?" मी म्हटलं, "दोघं. आधी हिची काढ." तिलाही पट्टी मिळाली. तिनं ती झंपराच्या बाहीखाली झाकली. पण घरी आल्यावर शेजारणीनं "थोडी नस दे वो" म्हटलं तेव्हा बाही वर करून दाखवली अन् सांगितलं, हे पाहा, काय निघालं ते मंजन. शेजारीण बराच वेळ ओट्यावर बसून होती.

आता

शेवटचं दाखवून आलो तेव्हा माझा चट्टा वाढलेला नव्हता. लाल कड फिकी झाली होती. गेला नाही, थांबला. दर काही महिन्यांनी बॅटरी मारून घ्यायची, मरेपर्यंत. देवकाच्या ओठाची कातडी मऊ झाली आहे. माझी पट्टी सुटली, तिची चालू आहे.

थकायला होतं, हे खरं सांगतो. खर्रा सोडणाऱ्यानं जिंकल्यासारखं वाटेल अशी वाट पाहू नये. तसं वाटत नाही. तलफ येते, ताई म्हणतात थोड्या मिनिटांत जाते, अन् जातेच. पण उद्या परत येते. ज्याला सोडायचं आहे त्यानं आपल्या तोंडात काय काय जातं ते घरच्या बाईला विचारावं, अन् तिच्या तोंडात काय जातं तेही विचारावं. औषध घ्यायला लाजू नये.

काल दुपारी देवका अंगणात तूर पाखडत होती. सूप एकदम थांबलं. हात मांडीवर ठेवून ती नुसती बसली, ओठ आत ओढलेला.

"आली काय?" मी विचारलं.

"आली."

मी खाटेवरून उठून तिच्याजवळ खाली बसलो. गुडघे बोंबलले.

"काई बोलू काय?"

"नोका. नुसते बसा."

बसलो. कोंबड्या सांडलेली तूर टिपत होत्या, तिनं हाकलल्या नाहीत. तिचा श्वास मोठा चालला होता. मी कुंपणाकडं पाहत राहिलो. वैशाली दारात आली, आम्हाला पाहिलं अन् काही न विचारता आत गेली. बऱ्याच वेळानं देवकानं ओठ सोडला, कपाळ पुसलं.

"सरका तिकडं," ती म्हणाली. "फोलपटं उडतीन अंगावर."

मी सरकलो. सूप वाजायला लागलं.